कळते, परंतु वळत का नाही?
(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी घरांमध्ये एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जात आले आहे : ‘कळते, पण वळत नाही.’ अभ्यास टाळणाऱ्या मुलाविषयी आई हे वाक्य बोलते, तंबाखू न सुटणाऱ्या भावाविषयी बहीण बोलते आणि मधुमेह असूनही श्रीखंडाची वाटी पुढे ओढणाऱ्या आजोबांविषयी तर अख्खे घर बोलते. या वाक्याचा सूर बहुधा हताशपणाचा असतो. बोलणाऱ्याने प्रयत्न सोडून दिलेला असतो आणि ऐकणाऱ्याच्या कपाळी बेफिकिरीचा शिक्का बसलेला असतो.

परंतु हेच वाक्य एखाद्याने तक्रार म्हणून न घेता प्रश्न म्हणून घेतले, तर काय होईल? कळणे आणि वळणे यांच्यामध्ये नेमके काय असते? तेथे इच्छाशक्तीचा अभाव असतो, की आणखी काही? या प्रश्नाचा पाठपुरावा ज्यांनी आयुष्यभर केला, अशा संशोधकांमध्ये हॉवर्ड लेव्हेंथाल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग १९६५ साली प्रकाशित झाला. म्हणजे ज्या वर्षी या शाळेची पहिली घंटा वाजली, त्याच वर्षी. शाळेप्रमाणेच त्या प्रयोगालाही आज साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि शाळेप्रमाणेच तोही अजून शिकवीत आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेपुढे एक कोडे उभे होते. क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीची क्ष-किरण चित्रे काढून देणारी वाहने वस्त्यावस्त्यांत फिरत होती. तपासणी सहज उपलब्ध होती, तरीही असंख्य लोक तिच्याकडे फिरकत नव्हते. गॉडफ्रे हॉखबाउम आणि अर्विन रोझेनस्टॉक यांसारख्या मानसशास्त्रज्ञांनी या कोड्याचा शोध घेतला. त्यांना असे आढळले की, माणूस तपासणीला जातो तो आजाराची माहिती आहे एवढ्यामुळे नव्हे. ‘हा आजार मलाही होऊ शकतो’ आणि ‘तपासणीचा मला उपयोग आहे’ या दोन्ही गोष्टी त्याला मनोमन पटलेल्या असाव्या लागतात. पुढे ‘आरोग्यविषयक श्रद्धांचे प्रारूप’ म्हणून ओळखल्या गेलेल्या सिद्धांताचे बीज येथे रुजले. १९५७ च्या सुमारास आशियाई इन्फ्लुएन्झाची साथ जगभर पसरली, तेव्हा तिचा लोकजीवनावर काय परिणाम झाला याचा अमेरिकेतील पाच शहरांमध्ये अभ्यास झाला. त्या अभ्यासात या दोघांच्या बरोबरीने तरुण लेव्हेंथाल सहभागी होते.

त्या काळी आरोग्यप्रचाराचे सर्वांत लाडके हत्यार होते भीती. सडलेल्या फुप्फुसांची चित्रे, अपघातांची छायाचित्रे, मृत्यूचे आकडे. समजूत अशी की, माणूस पुरेसा घाबरला की आपोआप सुधारतो. ही समजूत खरी आहे काय, हे पाहण्यासाठी लेव्हेंथाल आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट सिंगर व सुसान जोन्स यांनी येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विषय निवडला धनुर्वाताचा. या रोगाचे जंतू मातीत असतात आणि लहानशा जखमेवाटे शरीरात शिरतात. स्नायू आखडतात, जबडा मिटतो, शरीर धनुष्यासारखे ताणले जाते. मराठी नावातच त्याचे सारे भीषण चित्र सामावले आहे. आणि तरीही एका साध्या लसीने तो टाळता येतो.

विद्यार्थ्यांना धनुर्वातावरील पुस्तिका वाचावयास दिल्या गेल्या. काही पुस्तिका भयंकर होत्या : रुग्णाच्या यातनांची ठसठशीत वर्णने आणि मन हादरवणारी रंगीत छायाचित्रे. काही पुस्तिका सौम्य होत्या. लस घेण्याचा सल्ला मात्र दोन्हींमध्ये होता. यांशिवाय काही विद्यार्थ्यांना आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट देण्यात आली. ती म्हणजे विद्यापीठाच्या परिसराचा नकाशा, त्यावर आरोग्य केंद्राच्या इमारतीभोवती काढलेले वर्तुळ, लस मिळण्याच्या वेळा आणि एक विनंती : आपले आठवड्याचे वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा आणि त्या बाजूने केव्हा जाणे होईल ते ठरवा.

निकाल विचारात पाडणारा होता. भयंकर पुस्तिका वाचणारे विद्यार्थी अधिक घाबरले. लस घेणे महत्त्वाचे आहे, असे त्यांनी अधिक जोराने सांगितले आणि लस घेण्याचा मनोदयही अधिक ठामपणे व्यक्त केला. म्हणजे ‘कळणे’ पूर्ण झाले होते. परंतु प्रत्यक्ष आरोग्य केंद्रात लस टोचून कोण आले, याची नोंद पाहिली तेव्हा भीतीच्या मात्रेने काहीच फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला होता नकाशाने. ज्यांना नकाशा व वेळ ठरविण्याची विनंती मिळाली नव्हती, त्यांच्यापैकी सुमारे ३ टक्के विद्यार्थ्यांनी लस घेतली. ज्यांना ती मिळाली होती, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्क्यांनी.

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. हे विद्यार्थी त्या विद्यापीठात नवखे नव्हते. ते शेवटच्या वर्षात शिकत होते. आरोग्य केंद्र कोठे आहे, हे त्यांतील बहुतेकांना नकाशाविना ठाऊक असणार. म्हणजे नकाशाने नवी माहिती अशी फारशी दिलीच नाही. त्याने दिली ती वाट. ‘लस घ्यावी’ हा सर्वमान्य सुविचार ‘गुरुवारी दुपारच्या तासानंतर, ग्रंथालयाकडे जाताना’ अशा एका ठिकाणी आणि वेळेत उतरला. सुविचाराला पत्ता मिळाला.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर विज्ञानाचे रूपांतर चमत्कारकथेत होते. विद्यार्थ्यांची संख्या थोडी होती. नकाशा मिळूनही दहांपैकी सात जण गेलेच नाहीत. तसेच या संशोधनमालेतून असेही दिसले की, धोक्याची काहीच जाणीव नसताना नुसता नकाशा हाती दिला तर तोही निष्फळ ठरतो. थोडी काळजी हवी आणि तिला लगेच उपलब्ध असलेली वाटही हवी. काळजीचे प्रमाण वाढवत नेल्याने मात्र वाटेची उणीव भरून निघत नाही.

असे का व्हावे? लेव्हेंथाल यांनी १९७० च्या सुमारास याचे एक मार्मिक स्पष्टीकरण मांडले. धोक्याची वार्ता ऐकल्यावर माणसाच्या मनात एकाच वेळी दोन कामे सुरू होतात. एक काम असते धोका आवरण्याचे : काय करावे, कोठे जावे, कोणाला विचारावे. दुसरे असते भीती आवरण्याचे : ही अस्वस्थता कशी घालवावी. धोका आवरण्याचा मार्ग समोर दिसत असेल, तर पहिले काम पुढे सरकते. मार्ग दिसत नसेल, तर माणूस दुसऱ्या कामाला लागतो. तो पुस्तिका मिटतो, दूरचित्रवाणीची वाहिनी बदलतो, तपासणीचा अहवाल कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवतो, ‘आमच्या आजोबांनी जन्मभर विडी ओढली, नव्वद वर्षे जगले’ असा दाखला काढतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही बेफिकिरी वाटते. वस्तुतः ती बेफिकिरीच्या अगदी उलट असते. ती वाट न सापडलेली भीती असते.

एवढी एक गोष्ट जरी घराघरांत पोहोचली, तरी कित्येक भांडणे मिटतील. अहवाल लपविणाऱ्या वडिलांना अधिक घाबरविणारा मुलगा त्यांना कपाटाकडेच ढकलत असतो. ‘शनिवारी सकाळी नऊ वाजता दोघे मिळून दवाखान्यात जाऊ, नंबर लावून ठेवला आहे’ असे म्हणणारा मुलगा त्यांना नकाशा देत असतो.

लेव्हेंथाल यांच्या कार्याचा दुसरा टप्पा याहूनही खोल जाणारा आहे. १९८० पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की, रुग्ण हा वैद्याच्या सूचना झेलणारा रिकामा घडा नसतो. प्रत्येक माणूस आपल्या आजाराविषयी स्वतःचा एक सिद्धांत बाळगून असतो. या आजाराला काय म्हणतात व त्याची लक्षणे कोणती, तो कशामुळे झाला, किती काळ टिकणार, त्याचे परिणाम काय होणार आणि तो बरा होण्याजोगा अथवा आटोक्यात राहण्याजोगा आहे काय, या पाच प्रश्नांची उत्तरे त्याच्या मनात तयार असतात. कोणी विचारली नाहीत, तरीही असतात. आणि औषध घ्यावयाचे की नाही, याचा निर्णय चिठ्ठीवरून होण्याऐवजी बऱ्याचदा या उत्तरांवरून होतो. या विचाराला ‘सामान्य समजुतीचे प्रारूप’ असे म्हणता येईल.

याचा सुस्पष्ट पडताळा मिळाला तो उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये. डॅनियल मेयर, लेव्हेंथाल आणि मेरी गुटमन यांचा या विषयावरील अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. रक्तदाब वाढला तरी तो बहुधा जाणवत नाही. म्हणूनच तर त्याला मूक मारेकरी म्हणतात. ‘रक्तदाब वाढलेला माणसाला कळत नाही’ हे विधान रुग्णांपुढे ठेवले, तेव्हा बहुसंख्यांनी मान डोलावली. आणि त्याच रुग्णांपैकी बहुसंख्यांनी पुढे असेही सांगितले की, आपला स्वतःचा रक्तदाब वाढला की आपल्याला मात्र कळते : डोके दुखते, चेहरा तापतो, छाती धडधडते. सर्वांना लागू असलेला नियम त्यांना मान्य होता. फक्त त्यातून त्यांनी स्वतःला वगळले होते. ज्या रुग्णांना रक्तदाब म्हणजे तापासारखा येऊन जाणारा आजार वाटत होता, ते दीर्घकालीन आजार मानणाऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात उपचार अर्ध्यावर सोडून गेले.

हे चित्र परक्या देशातील म्हणून सोडून देता येणार नाही. मराठी बोलण्यात ‘त्यांना बीपी आहे’ आणि ‘त्यांचे बीपी वाढले होते’ ही दोन्ही वाक्ये रोज ऐकू येतात. पहिल्यात आजार कायमचा सोबती आहे, दुसऱ्यात तो येऊन गेलेला पाहुणा आहे. ज्याच्या मनात दुसरे वाक्य वसले आहे, तो पाहुणा गेल्यावर गोळी बंद करतो. त्याच्या दृष्टीने ते पूर्णपणे तर्कशुद्ध असते. ताप उतरल्यावर तापाची गोळी कोण घेतो? जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खावे असे सांगते. परंतु लोणचे, पापड आणि मेतकूट यांच्याशी जन्माचे नाते असलेल्या माणसाने डोके दुखत नसताना ते का आवरावे, याचे उत्तर त्याच्या मनातील सिद्धांतात सापडले नाही, तर ५ ग्रॅमचा आकडा भिंतीवरच्या तक्त्यातच राहतो.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. येथे डॉक्टर एका भाषेत बोलतात, औषधाच्या वेष्टनावरील मजकूर दुसऱ्या भाषेत असतो आणि घरात आजीशी संवाद मराठीत होतो. ‘क्रॉनिक’ या शब्दाचे घरी येईपर्यंत ‘जुनाट’ होते. जुनाट म्हणजे दुर्लक्षामुळे मुरलेले, आता ज्याचे काही होणे नाही असे. डॉक्टरांना सांगावयाचे असते, ‘हा आजार दीर्घकाळ सोबत राहील आणि औषधाने आटोक्यात राहील.’ घरात ऐकू येते, ‘आता इलाज उरला नाही.’ शब्द एकच, परंतु एकातून नियमितपणा निघतो आणि दुसऱ्यातून निराशा. मातृभाषेत शिकलेला मुलगा किंवा मुलगी या दोन भाषांच्या मध्ये दुभाषा म्हणून उभी राहते, तेव्हा ती नुसते शब्द बदलत नाही. ती आजीच्या मनातील सिद्धांत बदलू शकते.

असा सिद्धांत बदलता येतो, याचा पुरावा न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे मिळाला. कीथ पेट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हृदयविकाराचा पहिला झटका येऊन रुग्णालयात दाखल झालेल्या ६५ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला नेहमीची शुश्रूषा मिळाली. दुसऱ्या गटाशी मानसशास्त्रज्ञाने रुग्णालयातच अर्ध्या-पाऊण तासाच्या तीन बैठकांत संवाद साधला. प्रारंभ उपदेशाने झाला नाही, प्रश्नाने झाला : तुम्हांला काय वाटते, हे कशामुळे झाले? त्या उत्तरावर पुढचे सारे बोलणे उभारले गेले आणि घरी गेल्यावर काय करावयाचे याची लेखी योजना रुग्णाबरोबर बसून तयार झाली. या रुग्णांना आपण रुग्णालयातून घरी जाण्यास अधिक सज्ज आहोत असे वाटले, ते लवकर कामावर परतले आणि तीन महिन्यांनी त्यांच्या छातीत दुखण्याच्या तक्रारीही तुलनेने कमी होत्या.

भारताच्या आरोग्य-इतिहासात डोकावले, तर हेच सत्य वेगवेगळ्या वेशांत भेटते. १९५६ साली मद्रास शहरात क्षयरोगावरील औषधोपचारांच्या संशोधनासाठी एक केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा संयुक्त उपक्रम होता. गरीब वस्तीतील, अपुरे खाणाऱ्या रुग्णाला घरी ठेवून औषधे दिली तर तो सॅनेटोरियममधील रुग्णाइतकाच बरा होतो काय, हा प्रश्न होता. १९५९ साली आलेले उत्तर होकारार्थी होते आणि त्याने जगभरच्या क्षयोपचाराची दिशा बदलली. परंतु त्याच कामातून दुसरा प्रश्न पुढे आला : घरी दिलेली औषधे रुग्ण खरोखर घेतो काय? खोकला थांबला, वजन वाढले, की गोळ्या मागे पडत. संशोधकांना अचानक घरी जाऊन गोळ्या मोजाव्या लागत, लघवीची तपासणी करावी लागे. अखेर रुग्णाच्या अंगी जन्मभराची शिस्त बाणवण्यापेक्षा, कोणाच्या तरी समोर औषध घेण्याची व्यवस्था करणे अधिक परिणामकारक, या विचाराकडे हे संशोधन वळले. पुढे जगभर राबविल्या गेलेल्या, देखरेखीखालील उपचारपद्धतीची मुळे तेथे आहेत.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. अभ्यासातील १३४ गावांपैकी ज्या गावांत काहीच नवे केले नव्हते, तेथे लहान मुलांपैकी केवळ ६ टक्क्यांचे लसीकरण पूर्ण झाले होते. जेथे ठरल्या दिवशी, न चुकता शिबिर भरू लागले, तेथे हे प्रमाण १८ टक्क्यांवर गेले. जेथे शिबिराबरोबर प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच देण्यात आला, तेथे ते ३९ टक्क्यांवर पोहोचले. त्या गावांतील आया मुलांच्या वैरिणी नव्हत्या. शेतातील मजुरी बुडवून मैलभर चालत जावे आणि केंद्राला कुलूप असावे, असा अनुभव ज्या आईला वारंवार येतो, ती ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणते. एक किलो डाळीने तिचे मत बदलले नाही. तिच्या ‘पुढच्या महिन्या’चे ‘आज’ झाले, एवढेच.

आणि पल्स पोलिओची मोहीम तर येथे बसलेल्या बहुतेकांच्या बोटावर लिहिली गेली आहे. १९९५ साली ती देशभर सुरू झाली. रविवार ठरलेला, बूथ शाळेत किंवा चौकात, दोन थेंब, आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण. बूथवर न आलेल्या मुलांसाठी कार्यकर्ते घरोघर जात आणि कोणते घर पूर्ण झाले, कोठे पुन्हा जावयाचे, हे दारावर खडूने लिहून ठेवत. या साऱ्या तपशिलाकडे आरोग्य-मानसशास्त्राच्या दृष्टीने पाहावे : दिवस, ठिकाण, कृती आणि खूण. येल विद्यापीठातील तो नकाशा येथे अख्ख्या देशाएवढा मोठा झालेला दिसतो. जेथे पालकांच्या मनात लसीविषयी शंका होत्या, तेथे दरडावणी कामास आली नाही. वस्तीतील धर्मगुरू, शिक्षक आणि ओळखीच्या स्त्रिया यांच्या मुखातून उत्तरे मिळाली, तेव्हा दारे उघडली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदलेला रुग्ण हा देशातील वन्य विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

लेव्हेंथाल यांच्या नकाशाचे वारस पुढे अनेक झाले. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘जर-तर’ योजनांचा सिद्धांत मांडला. ‘व्यायाम करीन’ हा संकल्प झाला, तर ‘संध्याकाळचा चहा झाला की चपला घालून बाहेर पडेन’ ही योजना झाली. पहिल्यात माणसाला रोज नव्याने निर्णय घ्यावा लागतो. दुसऱ्यात चहाचा कपच आठवण करून देतो. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्ल्यूच्या लसीची सूचना देणाऱ्या पत्रात, ‘आपण कोणत्या दिवशी व किती वाजता येणार’ हे लिहून ठेवण्यासाठी एक रिकामी चौकट छापली. एवढ्यानेच लस घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले. चार टक्के म्हणजे फार नव्हे. परंतु त्यासाठी खर्च झाला तो चौकटीपुरत्या शाईचा.

सवय लागण्यास किती दिवस लागतात, याविषयी २१ दिवसांची एक लोकप्रिय समजूत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एखादी लहान कृती रोज ठरावीक प्रसंगाला जोडून करावयास सांगितली. कोणी न्याहारीनंतर पाणी प्यावे, कोणी जेवणापूर्वी धावावे. ती अंगवळणी पडण्यास साधारण ६६ दिवस लागतात, असा त्यांचा २०१० सालचा निष्कर्ष होता. परंतु माणसामाणसांत प्रचंड अंतर होते : कोणाला १८ दिवस, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. याहून दिलासा देणारी गोष्ट अशी की, एखादा दिवस चुकल्याने घडत आलेली सवय मोडली नाही. बाविसाव्या दिवशी हार मानणारा माणूस दुबळा नसतो. त्याला फक्त चुकीचा आकडा सांगितलेला असतो.

या साऱ्या संशोधनाचा एक दुरुपयोगही संभवतो, त्याविषयी सावध राहिले पाहिजे. वर्तनाचे शास्त्र हाती आले, की सर्व जबाबदारी व्यक्तीवर ढकलण्याचा मोह होतो. परंतु ज्या वस्तीत नळाला दिवसातून एकदाच पाणी येते, तेथे हात धुण्याच्या सात पायऱ्यांचा तक्ता लावणे म्हणजे वाट नसलेल्या गावाचा नकाशा देणे होय. येल विद्यापीठातील नकाशा उपयोगी पडला, कारण वर्तुळ केलेल्या ठिकाणी खरोखर इमारत होती, तिचे दार उघडे होते आणि आत लस होती. उदयपूरमध्ये डाळीच्याही आधी महत्त्वाचे ठरले ते शिबिराचे न चुकणे. नागरिकाला वळण लावण्यापूर्वी व्यवस्थेने स्वतःला वळण लावून घ्यावे लागते.

साठ वर्षांच्या या वास्तूत उभे राहिले, म्हणजे लक्षात येते की, शाळा ही या शास्त्राची फार जुनी जाणकार आहे. शाळेने मुलांना ‘वेळेवर या’ एवढेच कधी सांगितले नाही. तिने घंटा बांधली. ‘वाचन करा’ एवढेच सांगितले नाही. वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास ठेवला. मधल्या सुट्टीच्या घंटेनंतर डबा उघडण्यापूर्वी मुलांची रांग नळावरून जात असेल, तर हात धुण्याविषयी निबंध लिहून घेण्याची फारशी गरज उरत नाही. आणि तोच नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, कोरडा असेल, तर कितीही निबंध लिहिले तरी हात तसेच राहतात. हीरक महोत्सवानिमित्त शाळेत नव्या इमारतीच्या, नव्या खोल्यांच्या योजना होतील. त्या योजनांच्या कागदावर पिण्याच्या पाण्याचा नळ, मुलींचे स्वच्छतागृह आणि खेळाचे मैदान कोठे दाखविले आहे, यावर पुढच्या साठ वर्षांतील हजारो मुलांचे वळण ठरणार आहे.

आणि येथून आज घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरात असे एक माणूस असेल, ज्याला कळते परंतु वळत नाही. कोणाची रक्तदाबाची गोळी अर्ध्यावर सुटलेली असेल, कोणाची डोळ्यांची तपासणी दोन वर्षे लांबली असेल, कोणी छातीतील कळ घरात बोलून दाखवली नसेल. लेव्हेंथाल यांच्या कार्यातून अशा माणसाशी बोलण्याचा एक क्रम हाती येतो. आधी विचारावे : ‘तुम्हांला या आजाराविषयी काय वाटते?’ उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. त्यातील चुकीचा धागा त्यांच्याच भाषेत, हळुवारपणे सोडवावा. त्यानंतर दिवस, वेळ आणि वाट ठरवावी. आणि जमल्यास त्या वाटेवर सोबत चालावे. ज्या विद्यार्थ्यांना या शाळेने मराठीत प्रश्न विचारण्यास आणि मराठीत उत्तर ऐकण्यास शिकविले, त्यांना हे काम अवघड जाऊ नये.

‘कळते, पण वळत नाही’ या वाक्यानंतर आजवर पूर्णविराम दिला जात असे. येथून पुढे त्या ठिकाणी एक प्रश्न यावा : ‘मग गुरुवारी किती वाजता निघायचे?’